ओसरीवरचा भोपळा

दिवाळीच्या तोंडावर या सदराकडे येणारी पत्रे बहुधा आकाशकंदिलाची, रांगोळीची किंवा जुन्या पडद्यांना नवे रूप कसे द्यावे याविषयीची असतात. या वेळी मात्र एका वाचक भगिनीने निराळाच प्रश्न टाकला आहे. सहा महिन्यांसाठी मुलाकडे अमेरिकेत गेलेल्या या भगिनींना ऑक्टोबर लागताच सूनबाई म्हणाल्या, “आई, एकतीस तारखेसाठी आपल्यालाही दार सजवायचे आहे.” शेजारच्या अंगणात प्लॅस्टिकचा सांगाडा खुर्ची टाकून बसलेला, समोरच्या झाडावर पांढरी भुते लोंबत असलेली! ‘ज्या दाराने लक्ष्मी यायची, त्याच दारात हाडे कशी मांडू? आणि नको म्हणावे तर नातवाचे तोंड उतरते,’ असे त्यांनी लिहिले आहे.

बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर येथील कितीतरी घरांतील मुले आज परदेशी आहेत, तेव्हा हा प्रश्न एका घरापुरता नाही. आमचे मत प्रथमच सांगून टाकतो : दार अवश्य सजवावे, हाडे मात्र मांडू नयेत.

‘हॅलोविन’ म्हणजे सर्व संतांच्या सणाची पूर्वसंध्या. ख्रिस्ती परंपरेत १ नोव्हेंबर हा सर्व संतांचा दिवस आणि २ नोव्हेंबर मृतात्म्यांच्या स्मरणाचा. आयर्लंड व स्कॉटलंड या भागांत त्याच सुमारास सुगी संपून हिवाळा सुरू होई आणि त्या रात्री मृतांचा जगाशी संबंध येतो, अशी जुनी समजूत होती. तेथील लोक सलगम पोखरून, त्यावर तोंड कोरून आत दिवा ठेवीत. आयर्लंडच्या राष्ट्रीय संग्रहालयात अशा एका सलगमाचा प्लास्टरचा साचा जपून ठेवला आहे. त्याचे वाकडेतिकडे दात पाहिले, की मोठ्या माणसालाही क्षणभर दचकायला होते. एकोणिसाव्या शतकात आयरिश लोक मोठ्या संख्येने अमेरिकेत गेले. तेथे त्यांना भोपळा मिळाला. सलगमापेक्षा तो मोठा, पोखरायला सोपा आणि शिवाय रंगाने प्रसन्न. भुताचे रूप सौम्य झाले ते बरेचसे या भोपळ्यामुळे, असे आम्हाला वाटते.

भीतीची रात्र आपल्यालाही अगदीच अपरिचित नाही. गुजरातेत काळी चौदसच्या रात्री शेजारणी वडे तळून चौकात ठेवून येतात आणि घरातला ‘ककळाट’ बाहेर काढतात. गोव्यात नरकासुराच्या भल्यामोठ्या प्रतिमा रात्रभर मिरवून पहाटेपूर्वी जाळतात. २०२४ साली तर नरकचतुर्दशी ३१ ऑक्टोबरलाच आली होती. या चालींचा त्या परक्या सणाशी ओढूनताणून संबंध जोडण्याचे कारण नाही. पण भीतीला घराबाहेर नेऊन उभे करावे, ही रीत आपल्या वाचक भगिनींना नवी वाटू नये.

आता सजावटीकडे वळू. त्या संध्याकाळी मुले निरनिराळी सोंगे घेऊन दारोदार खाऊ मागत फिरतात. ज्या घराच्या ओसरीवर दिवा लागलेला, तेथे यावे. जेथे अंधार, तेथे घंटी वाजवू नये, असा सर्वसाधारण संकेत आहे. म्हणजे ही सजावट मुळात लहान मुलांना दिलेले आमंत्रण होय. ज्या दाराशी पोहोचण्याआधीच चार वर्षांचे मूल रडत आईला बिलगते, त्या दाराची सजावट कितीही खर्चाची असली, तरी फसलीच म्हणावी. शिवाय त्या गल्लीत असेही एखादे घर असते, की जेथील माणूस याच वर्षी गेलेले असते. त्यांच्या खिडकीसमोर थडग्याचे दगड आणि लोंबती प्रेते मांडणे आम्हाला रसिकतेचे वाटत नाही.

मग मांडावे काय? त्या ऋतूत तेथे बाजारात जे येते, तेच. शेवंतीच्या कुंड्या त्या दिवसांत जागोजागी विकायला असतात. पिवळी, विटकरी, गडद जांभळी. आपल्या देवघरातले हे फूल ओसरीवर पाहून आजीबाईंचा अर्धा परकेपणा तेथेच संपावा. पायऱ्यांवर एका बाजूने लहानमोठे भोपळे ठेवावेत, खांबांना मक्याची वाळली ताटे सुतळीने बांधावीत. पायऱ्यांचा मधला भाग मोकळा राहू द्यावा, कारण लांब झगे घातलेली मुले अंधारात तेथूनच वर येणार. भूत हवेच असेल, तर एखाद्या जुन्या पांढऱ्या धोतराचा तुकडा कापसाच्या गोळ्यावरून सोडून, मानेशी दोरा बांधून, हसरे डोळे काढावेत. काळ्या कागदाची चार वटवाघळे दारावर चिकटवली, की पुरे. ती नातवाने कापलेली असावीत. वाकडी झाली तर अधिकच शोभतात.

बाजारात कापसासारखी खोटी कोळिष्टकेही मिळतात. दिवाळीपूर्वी जन्मभर जळमटे काढणाऱ्या बाईने ती पैसे देऊन विकत आणावीत, हा विनोद सोडा; पण झाडाझुडपांवर ताणलेल्या त्या धाग्यांत लहान पक्षी अडकतात, म्हणून ती बाहेर लावूच नयेत.

भोपळा कोरण्याचे काम दोन-तीन दिवस आधी करावे. कापलेला भोपळा लवकर मऊ पडून बुरशी धरतो, त्यामुळे आठवडाभर आधी केलेली घाई वाया जाते. देठाभोवती झाकण कापताना सुरी आतल्या बाजूला तिरकी धरावी; उभी धरली तर झाकण आत पडते. आतला गर मोठ्या चमच्याने खरवडून, ज्या बाजूला तोंड कोरायचे तेथील भिंत साधारण एक इंच जाड ठेवावी. तोंड नातवाने पेनाने काढावे, सुरी मोठ्यांनी चालवावी. आत मेणबत्तीऐवजी बॅटरीचा छोटा दिवा ठेवावा. सोंगांचे पातळ कपडे आणि उघडी ज्योत यांची गाठ न पडलेली बरी. कोरायचे ते मोठे भोपळे पाणचट असतात. स्वयंपाकासाठी लहान, गोड जातीचा भोपळा वेगळा मिळतो. त्याचे घारगे उत्तम होतात, आणि त्या संध्याकाळी घरच्यांसाठी ते करावेतच.

दाराशी येणाऱ्या मुलांना मात्र घरचे काही देऊ नये. हे आजीबाईंना लागेल, हे आम्ही जाणतो. पण तेथील आईबाप बंद वेष्टनातला खाऊच मुलांना खाऊ देतात, घरचा लाडू बहुधा टाकून दिला जातो. अनेक मुलांना शेंगदाण्याचा त्रासही होतो, तेव्हा चिक्कीचा विचार सोडावा. २०१४ सालापासून तेथे एक चांगली प्रथा पसरली आहे : ज्या घरी खाऊशिवाय पेन्सिल, खोडरबर, चेंडू अशी वस्तूही मिळते, तेथे निळसर हिरव्या रंगात रंगवलेला एक भोपळा दाराशी ठेवतात. ज्या मुलाला बरेच पदार्थ वर्ज्य असतात, ते तो भोपळा पाहून धावत येते. आमच्या मते सूनबाईंच्या ओसरीवर हा भोपळा सर्वांत पुढे असावा.

उंबरठ्याचा प्रश्न राहिला. उंबरठ्याच्या आत भुताचे काहीही नको, हे सासूबाईंचे म्हणणे सूनबाईंनी मान्य करावे. आणि पायऱ्यांवरचा कारभार सासूबाईंनी नातवाच्या हाती सोडावा. आत देवघर, रांगोळी, पणत्या नेहमीप्रमाणे. १ नोव्हेंबरला सकाळी कागदी वटवाघळे उतरवावीत, कोरलेला भोपळा खताच्या खड्ड्यात टाकावा. न कापलेले भोपळे आणि शेवंती महिनाभर तशीच शोभतात, आणि दिवाळी पुढे असेल तर ओसरीवरची दिव्यांची माळही काढू नये. भोपळ्याच्या बिया मात्र कोरतानाच धुऊन, वाळवून ठेवाव्यात. तुपावर मीठ-मिरपूड टाकून भाजल्या, की फराळाच्या चिवड्यात छान लागतात.