त्वचेच्या दुर्मीळ कर्करोगावर अल्पकालीन किरणोपचार : आठवडे वाचले, रोग मात्र परततो

चेन्नई : किरणोपचारासाठी परराज्यातून चेन्नईत येणाऱ्या रुग्णाला उपचाराइतकाच मुक्कामही महागात पडतो. खोलीचे भाडे, सोबतच्या नातलगाची बुडालेली मजुरी आणि गावाकडे थांबलेले काम यांची नोंद रुग्णालयाच्या देयकात होत नाही. ‘मायकोसिस फंगॉइड्स’ या त्वचेच्या दुर्मीळ कर्करोगावरील किरणोपचार आठ-दहा आठवड्यांऐवजी दोन-तीन आठवड्यांत आटोपण्याची पद्धत म्हणूनच भारतीय रुग्णांसाठी विशेष महत्त्वाची ठरते.

फ्रेंच त्वचारोगतज्ज्ञ आलिबेर यांनी १८०६ मध्ये या रोगाचे प्रथम वर्णन केले. गाठी अळंबीसारख्या दिसल्याने त्याला हे नाव मिळाले. बुरशीशी त्याचा संबंध नाही. टी-लिम्फोसाइट या पांढऱ्या रक्तपेशींचा हा कर्करोग त्वचेत मूळ धरतो आणि बहुधा वर्षानुवर्षे संथपणे वाढतो. आरंभीचे चट्टे इसब किंवा सोरायसिससारखे दिसत असल्याने निदान लांबते. आरंभीच्या अवस्थेतील रुग्णांच्या एका आंतरराष्ट्रीय पाहणीत हा विलंब सरासरी तीन वर्षांच्या घरात आढळला आहे.

रोग अंगभर पसरल्यास संपूर्ण त्वचेवर इलेक्ट्रॉन किरणांचा मारा केला जातो. हे किरण त्वचेच्या वरच्या थरांतच विरतात, त्यामुळे आतील अवयव सुरक्षित राहतात. रुग्ण यंत्रापासून काही मीटर अंतरावर सहा वेगवेगळ्या स्थितींत उभा राहतो. डोळे झाकले जातात. तळपाय, टाळू आणि त्वचेच्या घड्यांना आवश्यकतेनुसार स्वतंत्र मात्रा द्यावी लागते. पारंपरिक पद्धतीत एकूण ३० ते ३६ ग्रे मात्रा दिली जाते. केस व नखे गळणे, त्वचा कोरडी पडणे आणि घाम कमी होणे हे तिचे परिणाम असून, एवढी मात्रा पुन्हा देण्यास फारसा वाव राहत नाही.

अल्पकालीन पद्धतीत ही मात्रा सुमारे १२ ग्रेवर आणली जाते. अमेरिकेतील स्टॅनफर्ड येथील तीन चाचण्यांच्या २०१५ मधील एकत्रित विश्लेषणात ३३ पैकी २९ रुग्णांना गुण आला. ब्रिटनमध्ये १०३ रुग्णांना दोन आठवड्यांत आठ सत्रांत १२ ग्रे मात्रा देण्यात आली. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांनुसार ८७ टक्के रुग्णांना लाभ झाला. मात्र त्वचा पूर्णपणे स्वच्छ झालेल्यांचे प्रमाण १८ टक्केच होते. रोग पुन्हा बळावण्यापूर्वीचा मध्यक काळ १३ महिन्यांच्या आसपास राहिला.

येथे एक फरक लक्षात घेणे आवश्यक आहे. स्तनाच्या कर्करोगात प्रत्येक सत्राची मात्रा वाढवून १५ सत्रांचे काम पाच सत्रांत केले जाते आणि परिणामकारकता टिकते. या त्वचारोगात मात्र एकूण मात्राच कमी केली जाते. त्वचा पूर्ण स्वच्छ होण्याची शक्यता घटते; त्या बदल्यात दुष्परिणाम सौम्य होतात आणि रोग परतल्यास तोच उपचार पुन्हा करता येतो. हा कायमचा इलाज नव्हे, हे रुग्णाला आरंभीच सांगितले गेले पाहिजे.

चेन्नईला या क्षेत्रात मोठी परंपरा आहे. डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी यांच्या पुढाकाराने १९५४ मध्ये अड्यार येथे कॅन्सर इन्स्टिट्यूट उभी राहिली आणि डॉ. व्ही. शांता यांनी ती गरीब रुग्णांसाठी खुली ठेवली. २०१९ मध्ये शहरात प्रोटॉन उपचार केंद्रही सुरू झाले. तथापि, संपूर्ण त्वचेच्या किरणोपचारासाठी महागड्या यंत्राइतकीच प्रशस्त खोली, प्रशिक्षित भौतिकतज्ज्ञ आणि प्रत्येक रुग्णामागे बराच वेळ लागतो. दर दहा लाख लोकसंख्येमागे किमान एक किरणोपचार यंत्र असावे, या निकषापासून देश अद्याप दूर आहे. सत्रे कमी झाल्यास त्याच यंत्रावर अधिक रुग्णांना संधी मिळू शकते.

रेल्वे कर्करुग्णाला शयनयान व वातानुकूलित तृतीय श्रेणीत पूर्ण भाडेसवलत देते. मुक्कामाच्या दिवसांचा भार मात्र कुटुंबावरच पडतो. शिवाय उपचाराचा दर सत्रांच्या संख्येवर ठरत असेल, तर कमी सत्रे देणाऱ्या रुग्णालयाचेच उत्पन्न घटते. विमा योजनांनी संपूर्ण उपचाराचा दर निश्चित केला आणि पुनरुपचारालाही त्यात स्थान दिले, तरच वाचलेल्या आठवड्यांचा लाभ रुग्णाच्या घरापर्यंत पोहोचेल. त्याआधी, महिनोन्‌महिने न हटणाऱ्या चट्ट्याची बायोप्सी करण्याचा सल्ला त्याला गावाजवळच मिळायला हवा.