बैस, इकडे, हळू

इंदूर, वडोदरा, ग्वाल्हेर येथील आपल्या जुन्या मराठी घरांत कुत्रे पाळलेले असले, की एक चमत्कारिक गोष्ट हमखास कानी पडते. नातवाला ‘बाळ, जेवायला चल’ म्हणणारे आजोबा कुत्र्याला मात्र ‘सिट’, ‘कम’, ‘नो’ असे फर्मावतात. कारण विचारावे तर उत्तर ठरलेले: ‘कुत्र्यांना इंग्रजीच कळते.’ हा समज निखालस खोटा आहे आणि तो भाषेइतकाच त्या मुक्या जिवाचाही घात करतो.

कुत्र्याला मातृभाषा नसते. अमेरिकेतील कित्येक पोलीस-श्वान जर्मन वा डच आज्ञा पाळतात. दख्खनच्या धनगरांनी पिढ्यान्‌पिढ्या मेंढ्यांमागे कुत्री राखली, ती इंग्रजीवाचूनच. कुत्रा जाणतो ते इतकेच, की अमुक ध्वनीमागून अमुक गोष्ट घडते. तेव्हा खरा प्रश्न एक शब्द की चार, हा आहे. आपल्या घरांत आजी ‘बस’ म्हणते, नातू ‘सिट’ म्हणतो, कामवाली बाई ‘बैठ’ म्हणते. आणि गोंधळलेले पिल्लू उभेच राहिले, की त्याला ‘हट्टी’ ठरवून चापट बसते. हट्टी कोण, हे वाचकांनीच ठरवावे.

‘मग सर्वांनीच इंग्रजी का वापरू नये?’ असे कोणी म्हणेल. कारण आज्ञेची खरी कसोटी घाईच्या वेळी लागते. कुत्रा रस्त्यावर धावत सुटला असता आजीच्या तोंडून निघतो तो घरचाच शब्द. मात्र तो पारखून घ्यावा. ‘बस’ हा शब्द आपण ‘पुरे’ या अर्थानेही दिवसभर उच्चारतो. हिंदीभाषक शेजारात ‘ये’ तर सतत कानी पडतो. म्हणून ‘बस’ ऐवजी आपला जुना ‘बैस’, आणि ‘ये’ ऐवजी ‘इकडे’ घ्यावा. घास नाकाजवळून डोक्यावरून मागे न्यावा. मान वर जाते, बूड आपोआप टेकते. टेकताक्षणी ‘शाबास’ म्हणून घास द्यावा. क्षणभर उशीर झाला, तरी बक्षीस भलत्याच कृतीला मिळते. पोळीचा वा पनीरचा तुकडा पुरतो. चॉकलेट, मनुका, कांदा मात्र कदापि देऊ नये, ती कुत्र्याला विषासमान आहेत.

दुसरा पक्ष छडीवाल्यांचा. ‘मालक कोण हे दाखवलेच पाहिजे,’ हे त्यांचे ब्रीद. रुडॉल्फ शेंकेल यांनी कोंडलेल्या लांडग्यांचे निरीक्षण करून १९४७ साली जे लिहिले, त्यातून हा विचार फोफावला. पुढे डेव्हिड मीच यांनी रानातील लांडगे अभ्यासून १९९९ साली दाखवून दिले, की रानातला कळप म्हणजे बहुधा आईबाप आणि त्यांची पिल्ले, अर्थात एक कुटुंबच. कोंडवाड्यातल्या अनोळखी लांडग्यांचा न्याय आपल्या ओसरीवर लावण्याचे काहीच कारण नाही.

पिल्लू दात लावते, तेव्हा हा छडीचा न्याय सर्वांत घातक ठरतो. दात लावणे हा पिल्लाचा खेळ आहे. चौथ्या महिन्यापासून त्याचे अठ्ठावीस दुधाचे दात पडू लागतात, तेव्हा हिरड्या शिवशिवतात. भावंडांत राहून ते दाताचा जोर आवरायला शिकते: चावा जोराचा झाला, की दुसरे ओरडते आणि खेळ थांबतो. आठ आठवड्यांपूर्वी पिल्लू विकू नये असा २०१७ चा केंद्रीय नियम आहे. हे शिक्षण अर्धवट राहू नये, एवढ्यासाठी तरी तो पाळावा. घरीही रीत तीच ठेवावी. दात रुतला, की खेळ थांबवून अर्धा मिनिट निश्चल, अबोल राहावे. मग चघळायला खेळणे द्यावे. हातचा घास अलगद घेतला तरच ‘हळू’ म्हणून सोडावा. झडप घातली तर मूठ मिटावी.

नाकावर चापट मारल्याने पिल्लू एवढेच शिकते, की हात भयंकर असतो. गुरगुरल्याबद्दल मारले, तर ते गुरगुरणे सोडते आणि इशारा न देता चावते. पुढे असा हात एखाद्या लहान मुलाचा असतो. मग ‘कुत्रा उलटला’ म्हणून त्याला दूर हमरस्त्यावर सोडून देण्यात येते आणि शिकवणारे नामानिराळे राहतात.

म्हणून आपल्या कुटुंबांना आग्रहाची विनंती, की शब्द सर्वानुमते ठरवून स्वयंपाकघराच्या दारावर लिहून लावावेत आणि आजीपासून नातवापर्यंत सर्वांनी तेच उच्चारावेत. छडी माळ्यावर टाकावी. ज्या घरात मुलांशी बोलायला मराठी पुरते, तिथे कुत्र्याशी बोलायलाही ती पुरेल.