वार्धक्याकडे झुकणारी गावे

लोकसंख्येचा विषय निघाला की आपल्याकडे ‘विस्फोट’ हा शब्द अजूनही सवयीने उच्चारला जातो. वर्धा जिल्ह्याचे आकडे मात्र निराळेच काही सांगतात. २००१ च्या जनगणनेत या जिल्ह्याची लोकसंख्या १२ लाख ३६ हजार ७३६ होती. २०११ मध्ये ती १३ लाख ७७४ झाली. म्हणजे दहा वर्षांतील वाढ जेमतेम सव्वापाच टक्के. याच काळात महाराष्ट्राची लोकसंख्या १६ टक्क्यांनी आणि पुणे जिल्ह्याची ३० टक्क्यांनी वाढली. रत्नागिरी व सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांत तर ती चक्क घटली.

या संथपणाची कारणे दोन. पहिले, घटलेला जन्मदर. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात दर स्त्रीमागे सरासरी १.७ अपत्ये आहेत. लोकसंख्या स्थिर राहण्यास २.१ लागतात. दुसरे कारण स्थलांतर. कारंजा (घाडगे) तालुक्यात कापूस, सोयाबीन आणि संत्र्याच्या बागा यांपलीकडे उपजीविकेची साधने थोडी. पदवी घेतलेल्या मुलाला शेत बोलावत नाही आणि गावात नोकरी मिळत नाही. नागपूर-अमरावती महामार्ग गावावरूनच जातो. तो धरून मुलगा निघून जातो. मागे राहतात ती म्हातारी माणसे आणि विकता न येणारी चार एकर कोरडवाहू जमीन.

हीच वाट आशियातील एका देशाने आपल्याआधी तुडविली आहे, आणि म्हणूनच थायलंडचे उदाहरण अभ्यासण्याजोगे आहे. १९६३ ते १९८३ या काळात तेथे दरवर्षी दहा लाखांहून अधिक बालके जन्मत. पुढे कुटुंबनियोजनाचा प्रसार खेडोपाडी झाला. मेचाई वीरवैद्य यांनी १९७४ मध्ये स्थापन केलेल्या संस्थेने हा विषय हसतखेळत लोकांच्या गळी उतरविला. सक्ती नव्हती. आपल्याकडे १९७६ मध्ये सक्तीच्या नसबंदीचे विधेयक राज्याच्या विधिमंडळाने संमत केले होते, याची येथे आठवण ठेवावी. थायलंडचे यश निर्विवाद; परंतु त्या यशाचा उत्तरार्धही आता समोर आला आहे. २०२१ मध्ये तेथे जन्मांपेक्षा मृत्यू अधिक झाले, आणि २०२४ मध्ये जन्मांची संख्या पाच लाखांच्याही खाली गेली. ईशान्य थायलंडमधील खेड्यांतून तरुण बँकॉकला जातात आणि नातवंडांना आजी-आजोबा वाढवितात. जपान आधी श्रीमंत झाला व मग वृद्ध झाला. थायलंडला तेवढी उसंत मिळाली नाही. विदर्भातील खेड्यांना तर ती त्याहून कमी मिळेल.

यावर अधिक मुले जन्माला घालावीत, असा सोपा उपाय काही जण सुचवितात. सिंगापूरने तो करून पाहिला आहे. ‘दोनच पुरे’ म्हणणाऱ्या त्या सरकारने १९८७ पासून, परवडत असल्यास तीन किंवा अधिक मुले होऊ द्या, असे सांगण्यास आरंभ केला. सवलती दिल्या, पैसे दिले. तरीही २०२३ मध्ये तेथील जननदर एकाच्याही खाली घसरला. जन्मदर हा शासनाच्या हुकमाने वरखाली होणारा नळ नव्हे. तेव्हा प्रश्न किती जन्मतील हा नसून, जे आहेत त्यांचे वार्धक्य कसे जाईल, हा आहे.

आपली धोरणे मात्र अद्याप जुन्याच भीतीवर उभी आहेत. दोनांहून अधिक अपत्ये असणाऱ्यास शासकीय सेवेचे दार बंद करणारे नियम २००५ मध्ये आले. वृद्धांसाठी मात्र तितकी तत्परता दिसली नाही. राष्ट्रीय वृद्धापकाळ निवृत्तिवेतनात ऐंशीच्या आतील वृद्धासाठी केंद्राचा वाटा वर्षानुवर्षे दरमहा २०० रुपयेच राहिला. राज्याने श्रावणबाळ योजनेची रक्कम २०२३ मध्ये दीड हजारापर्यंत नेली, हे स्वागतार्हच. परंतु कौटुंबिक उत्पन्न वर्षाला २१ हजारांच्या आत असावे ही अट कित्येक वर्षे हलली नाही. महिन्याला हे १,७५० रुपये होतात. एवढ्यात कोणते कुटुंब जगते? म्हणजे वृद्धाने एक तर खोटा दाखला आणावा किंवा हक्क सोडावा. थायलंडने २००९ मध्ये निवृत्तिवेतन नसलेल्या साठीपुढील सर्वांना लहानसा का होईना, मासिक भत्ता लागू केला. त्यात दाखल्यांसाठीची वणवण वाचली.

शाळांची गोष्टही याहून वेगळी नाही. वीसपेक्षा कमी पट असलेल्या सुमारे १५ हजार शाळा एकत्र करून समूह शाळा उभारण्याचा विचार २०२३ मध्ये राज्य शासनाने मांडला. पट घटतो हे खरे. पण शाळा उठली की उरलेली तरुण कुटुंबेही गाव सोडतात, आणि ज्या दुखण्यावर औषध शोधायचे तेच बळावते. शाळेचे मोजमाप डोक्यांनी नव्हे, तर मुलाला चालाव्या लागणाऱ्या अंतराने व्हावयास हवे.

लोकसंख्येची पुढील गणना १ मार्च २०२७ या संदर्भदिनांकाने होणार आहे. २०११ नंतर सोळा वर्षांनी मिळणारे हे आकडे तालुकावार वयोगटांसह लवकर प्रसिद्ध झाले पाहिजेत, आणि आरोग्य उपकेंद्रांनी माता-बालकांबरोबरच मधुमेह व रक्तदाबाच्या वृद्ध रुग्णांचीही नोंद ठेवली पाहिजे. एका पिढीने राष्ट्राचे ऐकून दोन मुलांवर संसार थांबविला. त्या पिढीची काठी आता कोणी धरावी, याचे उत्तर देण्याची पाळी राष्ट्राची आहे.