रक्तापेक्षा डोळे पाहा



‘रक्त दिसताच बॉक्सिंगची लढत थांबवा’ हे अमरावतीच्या वाचकाचे पत्र वाचले. कळकळ पटली, निदान नाही. टोकियो ऑलिम्पिकमध्ये 1 ऑगस्ट 2021 रोजी आपला बॉक्सर सतीशकुमार 13 टाके घेऊन प्रतिस्पर्धी जलोलोवपुढे उभा राहिला. हरला, पण डॉक्टरांच्या परवानगीनेच लढला. भुवईची चीर दिसते भयंकर. तिथे कातडीखाली लगेच हाड, आणि रक्तवाहिन्या भरपूर. स्वच्छ गॉज घट्ट दाबून धरले की बहुतेकदा रक्त थांबते. ते डोळ्यात उतरून दिसेनासे झाले, तर मात्र थांबायलाच हवे.

खरी भीती बिनरक्ताच्या माराची. अकोल्यात कॉर्नर सांभाळताना पाहिलेले सांगतो. फेरी संपल्याची घंटा झाली आणि आमचा पोरगा सरळ समोरच्याच्या कोपऱ्याकडे चालू लागला. लोक हसले. मी पंचांना सांगून लढत सोडली, तर “मले काई झालं नाई” म्हणत तो माझ्यावरच उखडला. वडीलही. संध्याकाळी त्याला ती फेरी आठवत नव्हती.

डोक्यावरच्या ठोशाने लढत थांबली तर किमान 30 दिवस रिंगबंदीचा नियम आहे. आमच्याकडे पोरं आठव्या दिवशी स्पारिंगला हजर! हेडगार्डवर विसंबू नका: तो कातडी वाचवतो, मेंदूचा हादरा टाळत नाही.

अनंता चोपडेसारखा बॉक्सर ज्या अकोल्यात घडला, तिथल्या आणि अमरावतीच्या आयोजकांना एवढीच विनंती: रिंगशेजारी डॉक्टर आणि दारात ॲम्ब्युलन्स नसेल, तर पहिली घंटा वाजवू नका.

– एक जुना कॉर्नरमन, अकोला