मेंदूला जात नसते, भूक असते

“आमच्या पोराचे डोकेच तेवढे!” पालकसभेहून परतताना वस्तीतली एखादी आई सहज बोलून जाते. पोर शेजारीच चालत असते आणि सगळे ऐकत असते. माझे स्पष्ट मत आहे की हे वाक्य आपले नाही. ते पिढ्यानपिढ्या आपल्या माथी मारलेले आहे.

एके काळी युरोपात हेच शास्त्र म्हणून खपत होते. १९२७ साली इरावती कर्वे बर्लिनला शिकायला गेल्या. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर मानत की गोऱ्यांच्या कवटीची ठेवणच वेगळी, म्हणून त्यांची बुद्धी श्रेष्ठ. इरावतीबाईंनी १४९ कवट्या मोजल्या. वंशानुसार तसा फरक सापडला नाही आणि गुरूंची पर्वा न करता त्यांनी तेच प्रबंधात लिहिले. २०२४ मध्ये आलेल्या ‘इरू’ या त्यांच्या इंग्रजी चरित्रात ही हकिकत आहे.

बाबासाहेबांनीही हा प्रश्न पुराव्यानेच सोडवला. जातीमुळे रक्त शुद्ध राहते, हा दावा त्यांनी १९३६ च्या ‘जातिभेद निर्मूलन’मध्ये खोडला. १९४८ च्या ‘द अनटचेबल्स’ ग्रंथात नाकाच्या मापांचे आकडे मांडून ब्राह्मण आणि अस्पृश्य वेगळ्या वंशांचे नाहीत, हे दाखवले.

आता कवटी गेली, बोटांचे ठसे आले. ठशांवरून मुलाची बुद्धी सांगणाऱ्या ‘डीएमआयटी’ चाचणीसाठी पालक हजारो रुपये मोजतात. मानसोपचारतज्ज्ञांच्या इंडियन सायकिॲट्रिक सोसायटीने तिला शास्त्रीय आधार नसल्याचे सांगितले आहे. हा नवा ज्योतिषीच समजा.

मग मेंदू घडतो कशाने? त्याची बहुतेक वाढ पहिल्या पाच-सहा वर्षांत होते. तेव्हा लोह कमी पडले तर लक्ष आणि स्मरण दोन्हींवर परिणाम होतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील ६८.९ टक्के मुलांत रक्त कमी आढळले. म्हणजे ज्याला आपण ‘ढ’ म्हणतो, ते पोर कदाचित अशक्त असेल.

म्हणून ठशांचे पैसे वाचवा. मूल फिकट दिसते, लवकर थकते, तर महापालिकेच्या दवाखान्यात हिमोग्लोबिन तपासून घ्या. डोळे आणि कानही दाखवा, कारण फळा न दिसणारे मूलही मागे पडते. शाळेत मिळणारी लोहाची आणि जंताची गोळी चुकवू नका. पालेभाजी, कडधान्य, परवडेल तेव्हा अंडी, मटण, कलेजी द्या. सोबत लिंबू पिळा. जेवणाबरोबर चहा नको, त्याने लोह अंगी लागत नाही. पुरेशी झोप हवी, मारझोड नको.

हे सारे एकट्या आईवर ढकलू नये. अंगणवाडीत आहार नीट मिळतो का, शाळेत गोळ्या येतात का, हे विहारातल्या बैठकीत विचारले गेले पाहिजे. तो आपल्या लेकरांचा हक्क आहे.

बाबासाहेबांनी शिका म्हणून सांगितले. शिकणाऱ्या मेंदूला आधी पोटभर, सकस अन्न लागते. आणि घरातून एक वाक्य लागते: “तुला जमेल.”

जयभीम!