लेस म्हणजे मुळात फास

शिवणकामाच्या सामानाच्या दुकानात ‘लेस द्या’ म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: साडीला लावायची की ड्रेसला, रुंद की बारीक? तेच बुटांच्या दुकानात म्हटलं, तर समोर नाड्यांची जोडी येते. एक नाजूक जाळी, दुसरी दणकट दोरी. मग दोघींना नाव एकच कसं?

याचं उत्तर लॅटिनमध्ये सापडतं. तिथल्या ‘लाक्वेअस’ या शब्दाचा अर्थ फास. जुन्या फ्रेंचमधून तो इंग्रजीत आला, तेव्हाही ‘लेस’ म्हणजे दोरी किंवा फासच होता. कपड्याच्या दोन कडा ओढून बांधायची ती लेस. म्हणजे बुटाची लेस थोरली आणि साडीवरची धाकटी! काउबॉय गुरं पकडायला फेकतात तो ‘लॅसो’ही याच घराण्यातला, फक्त स्पॅनिशच्या वाटेने आलेला. आणि ‘नेकलेस’ म्हणजे मानेभोवतीची दोरी. सोन्याचा असला तरी!

आपल्याला यात नवल वाटू नये. ‘पाश’ म्हणजेही फासच, पण आपण ‘स्नेहपाश’ किती प्रेमाने म्हणतो.

कडक सोवळ्या स्वभावाच्या माणसाला इंग्रजीत ‘स्ट्रेटलेस्ड’ म्हणतात, ते पूर्वीच्या घट्ट आवळलेल्या चोळ्यांवरून. बातम्यांमध्ये पेय ‘लेस्ड’ असल्याचं वाचलंत, तर नाडी आणि जाळी दोन्ही विसरा. त्यात दारू, औषध किंवा विष मिसळलंय, एवढाच त्याचा अर्थ.

जाळीदार लेस युरोपात सोळाव्या शतकात बहरली, विशेषतः व्हेनिस आणि फ्लँडर्समध्ये. आपल्या घरांत मात्र जास्त ओळखीची आहे ती क्रोशाची. टीव्हीवरचा रुमाल, दारावरचं तोरण, बाळाचं टोपडं. क्रोशाची सुरुवात होते सरकगाठीने, आणि पुढे प्रत्येक टाका म्हणजे एका फासातून ओढून काढलेला दुसरा फास. लॅटिनमधला अर्थ सुईच्या टोकावर अजून जिवंत आहे म्हणायचा.

भारतात या लेसचं मोठं गाव म्हणजे आंध्र प्रदेशातलं नरसापूर. आपल्या त्र्यंबकेश्वरी उगम पावलेली गोदावरी जिथे समुद्राला मिळायला निघते, त्या टोकाजवळ हे आहे. एकोणिसाव्या शतकात ख्रिस्ती मिशनऱ्यांनी इथल्या बायकांना हे काम शिकवलं. पुढे ते गावोगाव पसरलं आणि माल परदेशात जाऊ लागला. 2024 मध्ये नरसापूरच्या क्रोशा लेसला भौगोलिक मानांकनही मिळालं.

पण मला इथली दुसरी एक गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. जर्मन समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांनी या बायकांचा अभ्यास करून 1982 मध्ये पुस्तक लिहिलं. कुणी नुसती फुलं विणायची, कुणी ती जोडायची. स्वयंपाक, मुलं, धुणीभांडी सांभाळून रोज कित्येक तास सुई चालायची. माल थेट युरोपापर्यंत जायचा. तरी त्यांना कुणी कामगार म्हणत नव्हतं. त्या घरी बसलेल्या गृहिणी होत्या आणि लेस हा त्यांचा ‘फावल्या वेळचा’ उद्योग. व्यापार पुरुषांच्या हातात, आणि विणणारीला मिळायची अगदी तुटपुंजी मजुरी.

‘फावला वेळ’ हा शब्द आपणही किती सहज वापरतो! आजीने दुपारभर मान मोडून विणलं, तरी आपण म्हणणार, ‘तिचा वेळ छान जातो.’ कामाला कामाचं नाव मिळालं नाही, की त्याचा दाम मागायलाही तोंड उरत नाही.

लेसचं यंत्र दोनशे वर्षांपूर्वीच इंग्लंडमध्ये आलं. 1809 मध्ये जॉन हीथकोटने जाळी विणणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं, आणि 1816 मध्ये यंत्रविरोधी कामगारांनी त्याच्या कारखान्यातली यंत्रं फोडली. आज साडीला लावतो ती बहुतेक लेस यंत्रावरचीच असते. क्रोशा मात्र कारखान्याला अजून नीट जमलेला नाही. यंत्रावर निघते ती त्याची नक्कल. त्यामुळे मोबाइलवर दोनशे-अडीचशे रुपयांत ‘हॅन्डमेड क्रोशा टॉप’ दिसला, तर दोनच शक्यता उरतात. एक तर तो हाताने विणलेला नाही, किंवा विणणारीच्या वेळाचे पैसे त्यात धरलेलेच नाहीत.