अर्ध्यावर राहिलेले शिवणकाम

२०२० सालच्या एप्रिल महिन्यात केंद्र सरकारने घरी शिवलेल्या कापडी मुखपट्ट्या वापरण्याचे आवाहन केले, आणि कित्येक वर्षे झाकणाखाली पडून असलेली शिवणयंत्रे घरोघरी बाहेर निघाली. ज्या यंत्राच्या पाटावर इस्त्रीचे कपडे किंवा वर्तमानपत्रांची रद्दी विसावलेली असे, त्याला तेल मिळाले. जुन्या सुती साड्या आणि चादरी कापल्या गेल्या. महाराष्ट्रातील महिला बचत गटांनी तर गावोगावी मोठ्या संख्येने मुखपट्ट्या शिवून दिल्या. साथ ओसरली, बाजारात तयार मुखपट्ट्यांचे ढीग लागले आणि घरातील बहुतेक यंत्रे पुन्हा झाकणाखाली गेली. आज त्यांच्याशेजारच्या कपाटात डोकावले, तर बेतून ठेवलेले पण न शिवलेले कापड, एकच बाही जोडलेला झगा, काज-बटणांवाचून राहिलेला सदरा असा ऐवज एखाद्या पिशवीत हमखास सापडतो.

या पिशवीविषयी घरात जे बोलले जाते ते ठरलेले असते. 'हौसेने आणलेस, मग पुरे का नाही केलेस?' असा प्रश्न होतो, आणि उत्तरादाखल आळस, दूरचित्रवाणी, मोबाईल यांच्याकडे बोट दाखविले जाते. जिची ती पिशवी असते ती गृहिणी, शिक्षिका अथवा कार्यालयात नोकरी करणारी स्त्रीही हा आरोप मुकाट्याने मान्य करते. आपल्यात चिकाटी नाही, असे ती स्वतःलाच बजावते. हे निदान सोयीचे आहे, पण खरे नव्हे. त्याच स्त्रीने २०२० मध्ये एका बैठकीत डझनभर मुखपट्ट्या शिवल्या होत्या. माणूस तेच, यंत्र तेच. मग तेव्हाची उमेद नंतर कोठे गेली, हा प्रश्न स्वभावाचा नसून कामाच्या रचनेचा आहे.

मुखपट्टीच्या कामात चार गोष्टी आपोआप जुळून आल्या होत्या. तिची निकड होती. ती आकाराने लहान होती, त्यामुळे चुकली तरी तळहाताएवढेच कापड वाया जाई. अर्ध्या तासात ती पुरी होई. आणि ती घालणारा माणूस समोर वाट पाहत उभा असे. सणाच्या खरेदीत हौसेने घेतलेल्या कापडाच्या बाबतीत यांपैकी एकही गोष्ट नसते. पहिल्याच खेपेला गळपट्टी, अस्तर आणि चुण्यांच्या बाह्या असलेला पोशाख योजिला जातो. माप घेणे, कागदावर आकृती काढणे, कापणे इथपर्यंत पहिल्या दिवसाचा उत्साह पुरतो. गळपट्टी उलट्या बाजूने जोडली गेली की ती उसवण्याची पाळी येते आणि उसवताना कापड विरते. त्या क्षणी काम पिशवीत जाते ते जातेच.

पूर्वीच्या घरांत शिवणकाम अर्ध्यावर राहत नसे, असे जुन्या पिढीतील माणसे सांगतात. ते बव्हंशी खरेही आहे. एकाच ताग्यातून सगळ्या भावंडांचे कपडे बेतले जात. झग्याच्या खालच्या कडेला दोन बोटे कापड आत दुमडून ठेवले जाई आणि मूल वाढले की ती पट्टी उसवून उंची वाढविली जाई. जुन्या लुगड्यांची आणि धोतरांची गोधडी होई. कापडाचा कोणताही तुकडा टाकाऊ नसे. परंतु या चित्राचा गहिवर येऊ देण्यापूर्वी त्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. ती चिकाटी हौसेतून आलेली नव्हती, टंचाईतून आलेली होती. शिवले नाही तर मूल उघडे राहील, हा धाक तिच्यामागे होता. आणि घरातील स्त्रीच्या श्रमाला कोणी तास मोजून किंमत लावीत नव्हते, म्हणूनच तो हिशेब जुळत होता. ती सक्ती गेली याचे दुःख करण्याचे कारण नाही.

मात्र सक्ती गेल्यावर तिच्या जागी दुसरे काय ठेवावयाचे, याचा विचार झाला नाही. अजूनही घरच्या शिवणकामाचे समर्थन 'तेवढीच काटकसर' असे केले जाते. हे समर्थन आता टिकणारे नाही. कापड, अस्तर, दोरा, बटणे यांचा खर्च आणि त्यात घातलेले तास एकत्र मांडले, तर तयार कपड्यांच्या दुकानातील किमतीपुढे घरचा पोशाख बहुधा महागच पडतो. पैसे वाचविण्यासाठी जो शिवावयास बसेल, त्याची उमेद सवलतीच्या विक्रीची पहिली पाटी दिसताच खचेल. हेतूच चुकीचा धरल्यामुळे पुढे जे घडते त्याला आळस म्हणणे अन्यायाचे होय.

मग शिवावे कशासाठी? याचे एक उत्तर अमेरिकेतील मायकेल नॉर्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत सापडते. कागदाच्या घड्या घालून पक्षी आणि बेडूक करण्यास त्यांनी अगदी नवख्या लोकांना सांगितले. त्या ओबडधोबड आकृत्यांना इतरांनी फारशी किंमत दिली नाही. पण ज्यांनी त्या केल्या होत्या ते मात्र त्यांना कुशल कारागिरांच्या आकृत्यांच्या जवळपास लेखीत होते. स्वतःच्या हाताने केलेल्या वस्तूचा माणसाला लोभ जडतो, हे काही नवे नाही. याच प्रयोगमालेतील दुसरा निष्कर्ष अधिक महत्त्वाचा आहे. काम अपुरे ठेवावे लागले, किंवा केलेली वस्तू पुन्हा मोडून टाकली गेली, तेव्हा हा लोभ निर्माणच झाला नाही. श्रमातून प्रेम उपजते ते श्रम तडीस गेल्यावरच.

कपाटातील त्या पिशवीचा उलगडा येथे होतो. उमेद ही काम सुरू करण्यापूर्वी कोठून तरी गोळा करून आणावयाची वस्तू नव्हे. पुऱ्या झालेल्या कामाने ती मागे ठेवलेली शिल्लक असते. पुरी झालेली प्रत्येक लहान वस्तू पुढच्या कामासाठी थोडे भांडवल देऊन जाते, आणि अर्ध्यावर टाकलेली प्रत्येक वस्तू त्या भांडवलातून काही काढून घेते. म्हणून ज्याला शिवणकामाची गोडी टिकवावयाची आहे, त्याने पहिली निवड कौशल्याकडे पाहून नव्हे, तर काम पुरे होण्याच्या शक्यतेकडे पाहून करावी. उशीचा अभ्रा, बाजाराची पिशवी, सरळ टिपांचा परकर ही कामे एका-दोन बैठकींत हातावेगळी होतात. त्याहूनही आधी घरातील दुरुस्तीची कामे घ्यावीत. निसटलेले बटण, उसवलेली शिवण, शाळेच्या गणवेशाची लोंबणारी कड यांत हात बसतो, वस्तू लगेच वापरात येते आणि नव्या कापडाला कात्री लावण्याची धास्तीही नसते. अवघड बाही किंवा गळपट्टी करावयाचीच असेल, तर ती आधी जुन्या चादरीच्या तुकड्यावर करून पाहावी. उसवणे हा शिवणकामाचाच भाग आहे. तो पराभव मानला जातो म्हणून नवखा माणूस हातपाय गाळतो.

दुसरी गोष्ट जागेची. शहरातील दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात यंत्र काढणे, त्यावरचे सामान हलविणे, कात्री आणि बॉबिन शोधणे यातच पाऊण तास जातो आणि टीप मारण्याची वेळ येईपर्यंत स्वयंपाकाची वेळ होते. यंत्राला स्वतंत्र खोली देणे बहुतेकांना शक्य नाही. पण यंत्राचा पाट मोकळा ठेवणे आणि सुया, दोरे, टेप, खडू एका डब्यात राहतील असे पाहणे अशक्य नाही. कापणे आणि शिवणे ही कामे वेगवेगळ्या दिवशी करावीत. उठताना सुईत दोरा ओवलेला आणि पुढची शिवण टाचून ठेवलेली असावी, म्हणजे दुसऱ्या दिवशी कोठून सुरू करू, हा प्रश्नच उरत नाही.

वेळेचेही तसेच आहे. 'सवड मिळाली की शिवीन' या वाक्यातील सवड कधी येत नाही. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी १९९९ साली आपल्या संशोधनाचा जो आढावा घेतला, त्याचा मथितार्थ असा की, नुसता संकल्प करण्यापेक्षा अमुक वेळ आली किंवा अमुक घडले की अमुक करावयाचे, अशी गाठ घालून ठेवणारा माणूस काम तडीस नेण्याची शक्यता अधिक असते. रविवारी दुपारचा चहा झाला की अर्धा तास यंत्रावर, एवढी साधी गाठ पुष्कळदा मोठ्या निश्चयापेक्षा उपयोगी पडते.

तिसरी गोष्ट सोबतीची. गोधडी अनेकदा चार बायका मिळून घालीत. एकीचा धावदोरा थांबला तर दुसरीचा चालू राही, आणि बोलता बोलता काम पुढे सरके. आज शेजारणींनी महिन्यातून एकदा आपापले अपुरे काम घेऊन एकत्र बसण्यास कसलाही खर्च नाही. सोबतीइतकाच प्रभाव वाट पाहणाऱ्या माणसाचा असतो. नात्यात बाळ येणार असले की कुंची, झबली आणि दुपटी वेळेवर तयार होतात. तेथे तारीख कामाने ठरविलेली नसते, बाळाने ठरविलेली असते.

हे सारे उपाय केले तरी एक अडचण उरते, आणि ती शिवणाऱ्या व्यक्तीच्या हाती नाही. शिवणाचा तास घरात कोणाच्या मालकीचा मानला जातो? स्त्री यंत्रावर बसली की 'बसलीच आहेस तर एवढी कड दुमडून दे', 'साडीला फॉल लावून दे' अशा मागण्या सुरू होतात, आणि तिचे स्वतःचे काम बाजूला पडते. यंत्रांविषयी साशंक असलेल्या गांधीजींनी १९२४ साली शिवणयंत्राला अपवाद म्हणून स्थान दिले, ते माणसाचे कष्ट वाचविण्याचा जिव्हाळा त्यामागे आहे म्हणून. कष्ट वाचविणारे हे यंत्र घरच्यांची फुकट शिंपीकामाची सोय होऊन बसले, तर त्यावर बसणारीची उमेद टिकण्याचे कारण नाही.

यातील विसंगती अशी की, बाजारात शिंप्याच्या दुकानात पुरुष सहजपणे यंत्र चालवितो. पण घरात सुई हातात घेणे त्याला कमीपणाचे वाटते. सदऱ्याचे बटण स्वतः लावता न येणारा पदवीधर ही शिक्षणाच्या दृष्टीने अभिमानाची गोष्ट नव्हे. १९३७ साली वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेने हस्तोद्योगाला शिक्षणाच्या केंद्रस्थानी आणले. १९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाने कार्यानुभवाची शिफारस केली. त्यामागील दृष्टी मोठी होती. पण अनेक ठिकाणी कार्यानुभव म्हणजे टाक्यांच्या नमुन्यांची वही एवढेच उरले, आणि ती वहीही परीक्षेच्या आदल्या रात्री आईच भरून देते. शिक्षकांनी मनावर घेतले तर यात बदल होऊ शकतो. वहीऐवजी मुलामुलींनी आपल्याच गणवेशाची एक दुरुस्ती करून दाखवावी. गुण त्या दुरुस्तीला मिळावेत, ती वाकडीतिकडी असली तरी.

बाजार सर्व काही पुरवीत असताना हा खटाटोप हवा कशाला, असे कोणी विचारील. ज्याला शिवणात रस नाही त्याने तो करू नये, हे उत्तर प्रामाणिक आहे. अशाने आपले यंत्र गरजू हातांत द्यावे आणि पिशवीबरोबर मनावरचे ओझेही उतरवावे. पण ज्याच्या मनात ती गोडी आहे, त्याने तिचा बळी देण्याचे कारण नाही. बाजार तयार कपडा देतो; तो दहा वेळा वापरून उसवल्यावर टाकून द्यावयाचा की पुन्हा उभा करावयाचा, हे ठरविण्याचे स्वातंत्र्य मात्र ज्याच्या हातात सुई आहे त्यालाच असते.

तेव्हा कपाटातील पिशवीकडे अपराधी नजरेने पाहणे पुरे झाले. येत्या रविवारी तीतील सर्वांत थोडे उरलेले काम बाहेर काढावे. बहुधा त्या सदऱ्याला चार बटणांचीच उणीव असेल. ती लागली आणि सदरा कोणाच्या तरी अंगावर चढला, की उरलेल्या पिशवीकडे पाहण्याची दृष्टी बदलते.